भरडधान्यं घरात आणायची आहेत? सगळ्यांनी मिळून नवं जेवण सुरू करण्याच्या पायऱ्या

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून शहरातल्या दुकानांतही राळे, कोदो, वरई अशा बारीक दाण्यांच्या भरडधान्यांची पाकिटं सहज मिळू लागली. बऱ्याच घरांत पुढे होतं ते असं: उत्साहानं पाच पाकिटं येतात, पहिल्या आठवड्यात दोन पदार्थ होतात, मुलं तोंड फिरवतात, मोठ्यांना पोट जड वाटतं आणि तीन महिन्यांनी फडताळातल्या पाकिटांत पोरकिडे सापडतात. यात धान्याचा दोष नसतो. घाई झालेली असते, आणि एकाच दिवशी चार गोष्टी बदललेल्या असतात.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा नियम आधीच सांगतो: एका वेळी एकच गोष्ट बदला. धान्य नवं असेल तर पदार्थ, फोडणी, सोबतची भाजी सगळं जुनंच ठेवा. पदार्थ नवा असेल तर धान्य ओळखीचं घ्या. नवं धान्य, कमी तेल, कमी मीठ आणि नवी भाजी असं सगळं एकाच रविवारी आणलंत, तर काय आवडलं नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

## आधी जमवून ठेवा

- एक ठरावीक मापाची वाटी. या लेखात वाटी म्हणजे १५० मिली.
- साधा प्रेशर कुकर, बिडाचा किंवा लोखंडी तवा, उलथनं
- घट्ट झाकणाचे डबे. पिठासाठी फ्रिजमध्ये थोडी जागा
- बारीक चाळणी (राळे आणि नाचणीचे दाणे भाताच्या चाळणीतून निसटतात)
- एक वही आणि तिला बांधलेलं पेन, दोन्ही स्वयंपाकघरातच
- घरात कुणाला मधुमेह, थायरॉईड, मूत्रपिंडाचा आजार किंवा गव्हाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांचा सल्ला. हे सुरुवात करण्याआधी, नंतर नव्हे.

## १. अपेक्षा नीट ठरवा

नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गव्हात ते चाळीसच्या आसपास भरतं. बाजरीत लोह भरपूर, साधारण ६ मिलिग्रॅम. पॉलिशच्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसतं. कोंड्यासकट खाल्ली तर तंतुमय भागही चांगला मिळतो. ही धान्यं आणायला एवढी कारणं पुरेशी आहेत.

मात्र उष्मांक गहू-तांदळाएवढेच असतात. भाताच्या जागी राळे घेतले म्हणून दुप्पट वाढून घेता येत नाही. प्रथिनंही काही खास जास्त नसतात, नाचणीत तर गव्हापेक्षा कमीच. म्हणून सोबत डाळ, उसळ, ताक, दही, अंडं किंवा मासे यांपैकी काहीतरी हवंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेत तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत असावा. आपल्या ताटात तो सहसा याहून बराच जास्त असतो. धान्य बदलताना धान्याचा ढीग थोडा कमी आणि भाजी-डाळ थोडी जास्त झाली, तर खरा फायदा तिथे आहे.

## २. खरेदीआधी घरच्यांशी बोला

ही पायरी सगळे गाळतात. “उद्यापासून पोळी बंद” असं जाहीर केलंत की मोहीम तिथेच संपली. काहीही बंद होत नाहीये, आठवड्यातलं एक जेवण वेगळं असणार आहे, एवढंच सांगा.

ज्येष्ठांशी बोलताना जरा जपून. आज दुकानात ‘सुपरफूड’ म्हणून मांडलेलं धान्य त्यांच्या लहानपणी परवडत होतं म्हणून खाल्लेलं असू शकतं. घरी गव्हाची पोळी रोज होऊ लागली ही त्यांच्यासाठी प्रगतीची खूण होती. १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी, मिलो, ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना लालसर ज्वारीची भाकरी नकोशी वाटली तर तो हट्ट समजू नका. पांढरी शाळू ज्वारी आणा. आणि याच आजी-आजोबांना कण्या किती वेळ शिजवायच्या, आंबील किती आंबवायची, राळे कसे रोळायचे हे ठाऊक असतं. तुम्ही शिकवण्याऐवजी त्यांना विचारा, म्हणजे काम सोपं होतं.

मुलांना दोनच पर्याय द्या. “रविवारी काय करूया?” असं विचारलंत तर उत्तर नूडल्स येणार. “राळ्याची खिचडी की नाचणीचे डोसे?” असं विचारलंत तर निवड त्यांची होते आणि दोन्ही उत्तरं तुम्हाला चालतात.

## ३. थोडंच आणा, नीट पाहून आणा

पहिल्या महिन्यात ज्वारी आणि नाचणी प्रत्येकी एक किलो, राळे आणि वरई प्रत्येकी अर्धा किलो पुरे. कोदो, कुटकी, बर्टी नंतर. बाजरी थंडीत.

राळे, कोदो सालं काढलेलेच घ्या. सालीसकट धान्य पेरणीला किंवा पाखरांना. कुकरमध्ये कितीही शिट्ट्या घेतल्या तरी ते खाण्याजोगं होत नाही. पण सालं काढल्यावर पुन्हा पॉलिश मारून पांढरेफटक केलेले राळेही नकोत. चांगला राळा पिवळसर दिसतो.

वरई (भगर) सुटी घेऊ नका. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. दमट जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी वाढते, आणि बुरशीचं विष शिजवल्यानंही जात नाही. तारीख असलेलं बंद पाकीट घ्या, कुबट वास आला तर सरळ टाकून द्या, आणि भगरीचं पीठ विकत आणून साठवू नका. लागेल तेवढं घरीच मिक्सरवर काढा.

पीठ ताजंच हवं. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे दळल्यावर तिचं पीठ उन्हाळ्यात आठवड्याभरात कडवट होऊ लागतं. बाजरी एका वेळी एक किलोपेक्षा जास्त दळू नका आणि पीठ फ्रिजमध्ये ठेवा. ज्वारीचं पीठ कडू उशिरा होतं, पण जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा संपतो आणि भाकरी थापताना फुटते.

पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. ‘नाचणी बिस्किट’ असं लिहिलेल्या पाकिटात पहिला घटक मैदा, दुसरा साखर आणि नाचणी चौथी-पाचवी असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. ‘मल्टिग्रेन आटा’ही असाच तपासा.

## ४. वार आणि कामं ठरवा

नवा पदार्थ आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी करा. शनिवारची रात्र किंवा रविवारची सकाळ बरी. शाळा-ऑफिसच्या दिवशी रात्री नऊला, सगळे दमलेले आणि भुकेनं कावलेले असताना नवं काही पुढे ठेवू नका. तेव्हा हवं असतं ते ओळखीचं वरण-भात. सणाला आणि पाहुणे आले असतानाही नको. त्या दिवशी बिघडलं तर करणाऱ्याला फार लागतं.

ज्याचा हात पदार्थाला लागतो तो निदान चाखून तरी पाहतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला कोथिंबीर निवडायला द्या, वाटीनं पाणी मोजून ओतायला सांगा. आठ-दहा वर्षांचं मूल पीठ भिजवू शकतं, काकडी किसू शकतं. मोठ्या मुला-मुलींना तवा सांभाळू द्या. दळण आणणं, धान्य निवडणं घरातल्या बाकी मोठ्यांनी वाटून घ्यावं. एकाच बाईनं रोजचा स्वयंपाक सांभाळून वर हा उद्योगही करायचा असेल तर तो टिकत नाही, आणि टिकावा अशी अपेक्षाही करू नये.

## ५. पहिले चार आठवडे

पहिला आठवडा: ज्वारीची धिरडी. दीड वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, एक वाटी किसलेली काकडी किंवा दुधी, आलं-मिरची, ओवा, हळद, कोथिंबीर, मीठ. पाणी घालून घट्ट ताकाइतकं सरसरीत करा आणि दहा मिनिटं ठेवा. ज्वारी पाणी पिते, म्हणून ओतण्याआधी पुन्हा थोडं पाणी लागतं. तवा चांगला तापवून बाहेरून आत ओता, झाकण ठेवा, कडा सुटल्या की उलटा. मोडत असतील तर बहुतेक वेळा पीठ पातळ झालेलं असतं किंवा उलटण्याची घाई झालेली असते. दोन चमचे बेसन घाला आणि अर्धा मिनिट जास्त थांबा.

दुसरा आठवडा: वरईचा भात. बहुतेक घरांत हा उपवासाला होतो, म्हणजे चव सगळ्यांच्या ओळखीची. एकच बदल करा: साध्या दिवशी, नेहमीच्या तुरीच्या आमटीबरोबर वाढा. एक वाटी वरई कोरडीच दोन-तीन मिनिटं भाजून घ्या आणि अडीच वाट्या उकळत्या पाण्यात मंद आचेवर शिजवा. न भाजता टाकली तर गिच्च गोळा होतो.

तिसरा आठवडा: राळ्याची खिचडी. चौघांसाठी दीड वाटी राळे आणि एक वाटी मूगडाळ. राळ्यात बारीक खडे असू शकतात, म्हणून दोन-तीन पाण्यांतून रोळून घ्या: भांडं हलवत वरचे दाणे पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढत जा, खडे तळाशी राहतात. मग अर्धा तास भिजवा. फोडणी तुमच्या घरची नेहमीचीच करा. गोडा मसाला घालत असाल तर तोच, लसूण घालत असाल तर तीच. इथे प्रयोग नको. साडेसात वाट्या गरम पाणी, तीन शिट्ट्या, मग कुकर आपोआप उतरू द्या.

इथे एक गोष्ट बहुतेकांना पहिल्यांदा चकवते. कुकर उघडल्यावर खिचडी पातळ दिसते म्हणून लोक ती आटवतात, आणि ताटात येईपर्यंत तिचा दगड होतो. राळे गार होताना खूप घट्ट होतात. पातळ दिसली तरी तशीच राहू द्या. दुसऱ्यांदा वाढताना अर्धी-एक वाटी उकळतं पाणी आणि चमचाभर तूप घालून ढवळा. घशात अडकते, कोरडी लागते अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं ते पाणी. सोबत ताक किंवा कढी ठेवाच.

चौथा आठवडा: नाचणीचे डोसे. अर्धी वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथ्या चार-पाच तास भिजवा. पाव वाटी जाडे पोहे शेवटची पंधरा मिनिटं भिजवा. एकत्र बारीक वाटून त्यात एक वाटी नाचणीचं आणि एक वाटी तांदळाचं पीठ कालवा. रात्रभर आंबवा, उन्हाळ्यात सहा-सात तासांतच पीठ वर येतं, थंडीत बारा तासही लागतात. नाचणी लवकर आंबट होते, म्हणून फुगलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. पहिली खेप निम्मी-निम्मीच करा. घरच्यांना पटली की पुढच्या वेळी दीड वाटी नाचणी आणि अर्धी वाटी तांदूळ.

पीठ मुळातच तपकिरी असल्यानं भाजलेल्या डोशाचा रंग कळत नाही. कडा सुटू लागणं हीच खूण धरा. मुलांची पहिली तक्रारही रंगाचीच असते. चॉकलेट म्हणून खपवू नका. एकदा लबाडी कळली की पुढच्या प्रत्येक पदार्थाकडे संशयानं पाहिलं जातं. “हा नाचणीचा, म्हणून असा दिसतो” इतकं सरळ सांगा.

## ६. ताटावरचे नियम

मोठ्यांनी काय, कधी आणि कुठे जेवायचं ते ठरवावं. किती खायचं, किंवा खायचं की नाही, हे मुलाला ठरवू द्यावं. ही विभागणी पाळणं सुरुवातीला जड जातं, पण घास भरवण्याची झटापट तिथेच थांबते.

पहिल्यांदा दोन घासांएवढंच वाढा. ताटात मूल नक्की खातं असं एक तरी असू द्या: दही, वरण, काकडी, काहीही. नवा पदार्थ नाकारला तर उठून मॅगी करायची नाही. पोट भरायला ताटातलं ओळखीचं आहेच. “हे खाल्लंस तर आइस्क्रीम” असंही नको. त्यातून मूल एवढंच शिकतं की नाचणी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस.

एकदा नाकारलं म्हणजे कायमचं नाकारलं असं होत नाही. नवी चव मान्य व्हायला लहान मुलांना आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या खेपेलाच सोडून देतात. पंधरा दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा आणा, न बोलता.

मोठ्यांसाठीही एक नियम: ताटावर बसल्यावर तोंड वाकडं करायचं नाही. मुलं आई-बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत जेवतात. बाबांनी “हे काय आज?” म्हटलं की चार आठवड्यांची मेहनत पाण्यात. आवडलं नसेल तर जेवणानंतर वहीत लिहा. तारीख, पदार्थ, मापं आणि प्रत्येकाचं एक उत्तर: ‘पुन्हा करा’, ‘बदल करून करा’ किंवा ‘सध्या नको’. ‘बदल करून’ लिहिणाऱ्यानं कोणता बदल तेही लिहायचं. खारट, कोरडं, फार तिखट असं काहीतरी नेमकं.

## ७. मग भाकरी

भाकरीपासून सुरुवात करू नका, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. हात बसलेला नसताना सकाळच्या गडबडीत भाकरी थापायला घेतली आणि ती फुटली, की ‘हे आपल्याला जमणार नाही’ असा शेरा पूर्ण बेतावरच बसतो. महिनाभर बाकीचे पदार्थ झाले की मग उकडीच्या भाकरीनं सुरू करा.

ज्वारीत ग्लूटेन (गव्हाची कणीक चिवट करणारं प्रथिन) नसतं, त्यामुळे पीठ आपोआप चिवट होत नाही; ते काम गरम पाणी करतं. दोन वाट्या पाणी चिमूटभर मीठ घालून उकळा, आच बंद करून दोन वाट्या पीठ घाला, उलथन्याच्या दांड्यानं ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसेल इतपत गरम असतानाच पाण्याचा हात लावून भरपूर मळा. मळण्यात कसूर झाली तर कडा चिरतात. या उकडीची भाकरी लाटण्यानं लाटताही येते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला लगेच पाणी फिरवा. ते जेमतेम सुकलं की उलटा. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर भेगा पडतात. दुसरी बाजू नीट भाजून मग पहिली बाजू आचेवर धरा.

फुगत नसेल तर ती जाड-पातळ झाली आहे का पाहा, नाहीतर तवा कमी तापलेला असतो. दोन्ही ठीक असूनही फुटत असेल तर पीठ जुनं आहे. ते टाकू नका, धिरड्यांना वापरा.

बाजरीची सुरुवात भोगीला करा. तीळ लावलेली भाकरी, भोगीची मिसळीची भाजी, लोणी: त्या दिवशी कुणाला आग्रह करावा लागत नाही.

## ८. पोटाचं आणि औषधांचं

तंतू अचानक वाढले की पोट फुगतं, वात होतो. आठवड्यातून एकदापासून दोन-तीनदापर्यंत यायला महिना-दोन महिने घ्या आणि पाणी वाढवा. ज्यांचे दात नाहीत त्यांना भाकरी आमटीत कुस्करून किंवा कण्या मऊ शिजवून द्या.

लोह अंगी लागावं म्हणून लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा. मोड आणून दळलेली नाचणी यासाठी जास्त चांगली. वस्त्रगाळ सत्त्व पचायला हलकं असतं, पण गाळताना कोंडा, म्हणजेच तंतू, निघून जातो. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर पेज देता येते; वर्षापर्यंत त्यात मीठ, साखर, मध नको.

मधुमेहींनी पातळ, गाळलेल्या पेजेपेक्षा भाकरी आणि उसळ घ्यावी, आणि जेवण बदलल्यावर साखर मोजत राहावी. औषधाचा डोस मात्र डॉक्टरच बदलतील. थायरॉईडचा त्रास असणाऱ्यांनी रोज बाजरी खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर कोणतंही धान्य बदलण्याआधी. सीलिॲक (ग्लूटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असेल तर गिरणीवरचं दळण चालत नाही, कारण आधी दळलेल्या गव्हाचं पीठ जात्यात उरलेलं असतं. घरघंटी वापरा, आणि तीही गव्हासाठी न वापरलेली.

## ९. डबा आणि परदेशातलं स्वयंपाकघर

डब्यात राळ्याची खिचडी देऊ नका. चार तासांत तिची वडी होते. धिरडी, नाचणीचे डोसे, थालीपीठ गार झाल्यावरही चांगली लागतात. पदार्थ घरी दोन-तीनदा आवडीनं खाल्ला गेल्यावरच डब्यात द्या. शाळेत नवं खायला मुलं कचरतात आणि भुकेली राहतात.

भारताबाहेर राहणाऱ्यांची मुख्य अडचण पिठाची. दुकानात पोचेपर्यंत ते कित्येक महिन्यांचं झालेलं असतं. अख्खी ज्वारी मिळाली तर ती आणून घरघंटीवर किंवा दमदार मिक्सरवर थोडी थोडी दळा आणि बारीक चाळणीनं चाळा. तेवढं शक्य नसेल तर पाकिटातल्या पिठाची उकड काढूनच भाकरी करा, आणि उकडीत दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळा म्हणजे ती जुळून येते. उरलेलं पीठ पाकिटासकट फ्रीझरमध्ये ठेवा.